पाकिटावर सावली, आत उन्हाचं बी

"वहिनी, बी कधी खोटं नसतं. हाताला गुण लागतो." दिंडोरीतल्या एका बियाणे-औषधांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मला हे ऐकवलं गेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. आमचं खातं तिथंच आहे, द्राक्षाचे पैसे हातात आले की ते मिटतं, आणि तोवर शेठशी वाकडं घ्यायचं नसतं, हे तालुक्यात कुणाला सांगायला नको. म्हणून घरच्यांनीही "दोनशे चाळीस रुपयांसाठी कशाला तोंड वाजवतेस" म्हणत मला गाडीवर बसवलं. द्राक्षाच्या औषधाची बाटली मुदत संपलेली निघाली असती, तर आमच्या घरच्या याच माणसाने दुकान डोक्यावर घेतलं असतं. फुलं म्हणजे बायकांची हौस. तिथे फसवणूक झाली तरी लोक हसतात.

घराच्या उत्तरेला भिंतीलगत एक लांबट वाफा आहे. निम्म्या वाफ्यावर आंब्याची सावली. तिथे मला गुडघ्याच्या वर न जाणारी, पावसाळ्यात पेरून दिवाळीपर्यंत फुलणारी हंगामी फुलं हवी होती. पाकिटावर ठळक अक्षरांत 'सावलीसाठी बुटकी फुलझाडे, मिश्र' असं छापलेलं, आणि चित्रात जांभळा टोरेनिया, गुलाबी इम्पेशन्स, दुहेरी पाकळ्यांचा तेरडा. साठ रुपयांना एक, अशी चार पाकिटं घेतली.

बरंच बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याची पहिली दोन पानं पाहून काही कळत नाही, म्हणून मी थांबले. पुढची पानं फुटली तशी एक रोप चिमटीत धरून पाहिलं. पान जाड, दंडगोल, टोकाला निमुळतं. नख लावलं तर पाणी सुटलं. पोर्तुलाका! आपलं ऑफिस टाइम! सकाळी ऊन चढल्याशिवाय ज्याची कळी उघडत नाही, ते. बिचारी रोपं उजेडाच्या शोधात अंगणाकडे लांबत चालली होती, देठ दोऱ्याएवढे बारीक. सावलीचं म्हणून विकलेल्या पाकिटातून उन्हाशिवाय न फुलणारं झाड निघालं होतं.

खरा संताप आला तो त्या संध्याकाळी. उरलेलं पाकीट ओल्या हातानं ओट्यावरून उचललं, तर पॅकिंगच्या तारखेवर चिकटवलेली पट्टी सरकली. खाली जुनी तारीख, दोन वर्षांपूर्वीची. किमतीवरही तशीच पट्टी होती, पण ती काही केल्या निघेना. मग सगळं उलगडलं. पोर्तुलाकाचं बी चिवट, जुनं झालं तरी उगवतं. इम्पेशन्ससारखं नाजूक बी त्यात असलंच तर ते कधीच मेलेलं असणार.

दुकानात पाकीट दाखवलं तर आधी "पट्टी कंपनीनेच लावलीय", मग "पाणी जास्त झालं असेल", मग "आंब्याखाली गवत तरी येतं का?" अहो, येत नाही म्हणूनच तर सावलीचं बी मागितलं! शेवटी पोऱ्याला हाक मारून ऐंशी रुपयांचं दुसरं पाकीट माझ्यापुढे टाकलं. "हे न्या, नवीन माल आहे." पैसे परत करायचं नाव नाही. वर ते हाताच्या गुणाचं वाक्य.

हाताच्या गुणाचं उत्तर मला वाफ्यानेच दिलं. शेजारच्या आजींनी घरच्या तेरड्याचं बी कागदाच्या पुडीत दिलं. त्याच वाफ्यात, त्याच मातीत, त्याच झारीच्या पाण्यावर आठवड्याभरात ओळीनं रोपं वर आली. गौरी आल्या तेव्हा भिंतीलगत गुलाबी-जांभळी पट्टी उभी होती. शेठच्या मिसेस हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांनी विचारलंसुद्धा, बी कुठलं म्हणून. मी खरं ते सांगितलं.

आता ज्यांना सावलीत फुलं लावायची आहेत त्यांच्यासाठी.

पाकीट घेण्याआधी तारखेवरून बोट फिरवा. पट्टी असेल तर घेऊ नका. बिल घ्या, आणि त्यावर फुलाचं नाव लिहून घ्या, 'बी-बियाणे' एवढंच नको. आपण समजतो की सोयाबीनचं बी उगवलं नाही तर पंचनामा होतो, तसा फुलांचाही होईल. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी राज्य दणाणलं होतं, हे आठवत असेल. पण १९६६ च्या बियाणे कायद्यातली बियाण्याची व्याख्या अन्नधान्य, तेलबिया, फळं, भाजीपाला, कापूस, वैरण आणि ताग यांच्यापुरती आहे. शोभेची फुलं तिच्यात बसत नाहीत. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. आपल्या हातात उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी गेले नाही, कारण ते खातं. तुमचं खातं नसेल तर जरूर जा.

मिश्र पाकीट तर कधीच घेऊ नका. एकेक फूल नावानं मागा. पावसाळ्यात सावलीला तेरडा, टोरेनिया आणि इम्पेशन्स, बस्स. पोर्तुलाका, गझानिया, पिटुनिया, झेंडू, फ्लॉक्स ही सगळी उन्हाची गिऱ्हाइकं. दुकानदार कितीही शपथा घेवो, सावलीत ती नुसती लांबतात.

सावलीही सगळी एक नव्हे, आणि हे मला कुठल्याच पाकिटावर वाचायला मिळालं नाही. दिंडोरी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे ढग नसतील तेव्हा उत्तरेच्या भिंतीला या दिवसांत थोडं ऊन मिळतं, आणि तेवढ्यावर रोपं धरतात. मार्गशीर्षात तीच भिंत दिवसभर सावलीत. म्हणून ती पावसाळी फुलांना चालते, हिवाळी फुलांना नाही. सिनेरारिया, पॅन्सी, अ‍ॅलिसम लावायची असतील तर पाऊस ओसरल्यावर बी टाका आणि रोपं पूर्वेकडे न्या, जिथे सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन येतं. आंब्याखाली अडचण फक्त सावलीची नसते. त्याची मुळं वरचं पाणी ओढून घेतात. तिथे खणत बसण्यापेक्षा विटांवर कुंड्या मांडा आणि आंब्याच्या अगदी खालच्या फांद्या काढून टाका. दिंडोरीत छाटणी कुणाला शिकवायची गरज नाही.

टोरेनिया आणि इम्पेशन्सचं बी धुळीसारखं बारीक. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीखाली गाडू नका. ओल्या कोकोपीटवर भुरभुरवा, हलकं दाबा, वर पारदर्शक झाकण ठेवा. द्राक्षाच्या बागेसाठी आणलेलं ट्रायकोडर्मा घरात असतंच, ते चिमूटभर कोकोपीटमध्ये मिसळा. सावलीत ओल टिकते आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. पाणी ट्रेच्या खालून द्या. तेरड्याचं बी मोठं असतं, त्यावर मातीचा पातळ थर चालतो. बाकी खत बेताचं, पाणी सकाळी, तण वेळेवर, हे सगळ्यांना माहीतच आहे.

आमच्या दिरांनी एक नवंच काढलं, इम्पेशन्समुळे द्राक्षाच्या बागेत डावणी रोग येईल म्हणून. इम्पेशन्सवर डावणी पडते हे खरं. २०११-१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या बागांमधून तिने हे फूल जवळजवळ उठवलं होतं. पण ती बुरशी वेगळी आणि द्राक्षावरची वेगळी. एकीची लागण दुसऱ्या झाडाला होत नाही. बागायतदारांनी घरच्या बाईला दटावण्याआधी एवढं वाचावं.

घरचं बी धरायचं असेल तर तेरड्याचं बोंड पिवळट होऊ लागताच त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधा. पिकलं बोंड नुसत्या बोटानं फुटतं आणि बी वाफाभर उडतं. बी सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर टाका.

दिंडोरीत कुणाला तेरड्याचं बी हवं असेल तर आश्विनात घरी या. गौरींच्या दिवसांत मागू नका, तोवर बोंडं पिकलेली नसतात. पैसे नकोत. पुडीवर तारीख मी पेनानं लिहून देते.