ध्वनितरंगांतील ऊर्जा



विठ्ठलवाडी हें कल्याणहून कर्जतकडे जातांना लागणारें पहिलें स्थानक. बोरीबंदर ते ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला व पुढच्याच वर्षीं कल्याणास पोंचला. त्यामुळें गाडीचा आवाज या भागांतील कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा आहे. वर्गांत शिकवीत असतां भोंगा वाजला म्हणजे आम्हांस क्षणभर थांबावें लागतें. अशा वेळीं "हा आवाज एवढा मोठा कां?" असें आम्ही विचारितों, आणि पुष्कळ मुलें उत्तर देतात, "वारंवारता जास्त म्हणून!" या उत्तरांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे.

तंबोऱ्याची तार प्रथम हळू व मग जोरानें छेडून पाहा. स्वर तोच राहतो. आवाज मात्र वाढतो. तार मूळ जागेपासून जास्तींत जास्त जितकी दूर जाते, त्या अंतरास आयाम म्हणतात. जोरानें छेडल्यामुळें तो वाढला. आतां खुंटी पिळून तार ताणा. स्वर चढतो, कारण एका सेकंदांत होणारीं कंपनें वाढलीं. या संख्येस वारंवारता म्हणतात व ती हर्ट्झमध्यें मोजतात.

मग ऊर्जेचा संबंध कोणाशीं? दोहोंशींही, आणि तो वर्गाच्या प्रमाणांत. झोपाळ्याचा एक हाताचा झोका पुरा होण्यास जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच दोन हातांच्या झोक्यास लागतो. वेळ तोच आणि अंतर दुप्पट, म्हणजे वेग दुप्पट झाला. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून ती चौपट झाली. ध्वनीनें हालणाऱ्या हवेच्या कणांचेंही असेंच आहे. आयाम दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. तिप्पट केला तर नऊपट. आयाम तोच ठेवून वारंवारता दुप्पट केली, तर तेंच अंतर निम्म्या वेळांत तोडावें लागतें. वेग पुन्हां दुप्पट आणि ऊर्जा पुन्हां चौपट. (प्रकाशाचा नियम याहून वेगळा आहे. आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडल्याप्रमाणें प्रकाशाच्या एकेका कणाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणांत असते, तिच्या वर्गाच्या नव्हे.)

तेव्हां मुलांचें उत्तर अगदींच निराधार नव्हतें. परंतु उभ्या गाडीचा तोच भोंगा जवळून मोठा व दुरून लहान ऐकूं येतो, आणि वारंवारता तर बदललेली नसते! बदलते ती तीव्रता. एक चौरस मीटर क्षेत्रांतून दर सेकंदास जितकी ऊर्जा जाते, तिला तीव्रता म्हणतात. ध्वनि चोहोंकडे पसरत जातो, तशी तीच ऊर्जा अधिकाधिक क्षेत्रावर वांटली जाते. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं तीव्रता चतुर्थांश उरते, आणि दहापट झालें कीं शतांश.

आतां पालकांनींही ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट सांगतों. आपला कान ऊर्जेचा हिशेब सरळ करीत नाहीं. तीव्रता दहापट झाली कीं डेसिबलच्या मोजणींत दहाची भर पडते. कानास मात्र आवाज सुमारें दुप्पटच भासतो. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रहिवासी भागांत रात्रींची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. तेथें ८५ डेसिबलचा कर्णा लागला तर आंकडा दुपटीच्याही आंतच दिसतो. परंतु ऊर्जा मर्यादेच्या दहा हजारपट असते!

एका वरातीनंतर दुसऱ्या दिवशीं आमचा एक विद्यार्थी कान वाजतात म्हणून सांगत आला. तो रात्रभर कर्ण्याशेजारीं नाचला होता. "आवाज कांहीं फारसा वाटला नाहीं," असें त्याचें म्हणणें. त्याचें म्हणणें खरेंच होतें, आणि धोका नेमका तेथेंच आहे. आंतल्या कानांत केसांसारखे अग्र असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्यास पुन्हां येत नाहींत. आणि त्यांची हानि आपणांस काय वाटलें यावर ठरत नाहीं, तर किती ऊर्जा किती वेळ आंत गेली यावर ठरते. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें कामगारांकरितां ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सुचविली आहे, आणि पुढें दर तीन डेसिबलला वेळ निम्मा केला आहे. कारण तीन डेसिबल वाढले कीं ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. या हिशेबानें १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटें उरतात. कानांत इयरफोन घालून तासन्‌तास गाणीं ऐकणाऱ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

त्या विद्यार्थ्याचे कान दोन दिवसांत शांत झाले. प्रत्येक वेळीं तसें होईलच असें नाहीं. कर्ण्यापासून पांच मीटरांवर उभे असाल तर वीस मीटरांवर जा. तीव्रता सोळाव्या हिश्शावर येईल, आणि उत्सवाचा आनंद कांहीं सोळाव्या हिश्शावर येणार नाहीं.

शेवटीं एक उदाहरण घरीं सोडवावें. दहा मीटरांवर भोंग्याचा आवाज १०० डेसिबल आहे. चाळीस मीटरांवर तो किती असेल? उत्तर ८८ च्या आसपास आलें, तर पाठ समजला असें खुशाल समजावें.