बाणाई अर्ध्या वाटेत का?

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर घोड्यावरच्या खंडोबासोबत एकटी म्हाळसा आहे. जेजुरीला गड चढताना मात्र मध्येच बाणाईचं वेगळं देऊळ लागतं. देवाची एक बायको वर गाभाऱ्यात आणि दुसरी अर्ध्या वाटेत, असं का? – एक वाचक, बारामती

उत्तर : याचं लोककथेतलं उत्तर सोपं आहे : दोघींचं पटत नाही. म्हाळसा ही नेवाश्याच्या तिमशेट या लिंगायत वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार. देवाशी तिचं लग्न रीतसर, थाटामाटात झालं. बाणाई धनगराची, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. तिला गंगेचा अवतार मानतात. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला खंडोबा पणाप्रमाणे घर सोडून निघाला आणि म्हाताऱ्याचं सोंग घेऊन बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहिला. पुढे त्यानं मेंढरं मारून टाकली आणि ती जिवंत करून देण्याच्या बदल्यात बाणाईशी लग्न मागितलं. (देवानं केलं म्हणून चाललं!) तिला घेऊन तो जेजुरीला आला तेव्हा घरात काय झालं असेल, ते वाघ्या-मुरळींच्या तोंडून ऐकावं. जागरणात या सवतींचं भांडण ऐन रंगात येतं. एकमेकींची जात, खाणं, माहेर, कामाची पद्धत, काहीच सुटत नाही. शेवटी वाटणी झाली. म्हाळसा वर, बाणाई निम्म्या गडावर.

पण ही कथा केवळ घरगुती नाही. म्हाळसा पेठेतली, बाणाई रानातली. एकीकडे दुकान, तराजू, स्थिरावलेलं घर. दुसरीकडे मेंढरं, पावसामागे फिरणारा वाडा. दख्खनच्या पठारावर हे दोन्ही समाज एकमेकांवर अवलंबून राहिले, पण एका पंगतीत बसले नाहीत. देव मात्र दोघांनाही आपला हवा होता, आणि देवाला आपला करायचा तर त्याला जावई करण्यासारखा पक्का उपाय नाही. लोकपरंपरेत रंभाई शिंपीण, फुलाई माळीण अशा आणखी बायकांचीही नावं येतात, ती याच कारणानं. ज्या समाजाची भक्ती, त्या समाजाची एक लेक देवाच्या घरात.

हा प्रकार आपल्यापुरताच नाही, याचा पुरावा तेलंगणात आहे. तिथल्या कोमुरवेल्लीचा मल्लन्ना हे याच दैवताचं रूप. त्याच्याही दोन बायका : मेडलम्मा लिंगायत बलिजा समाजाची, केतम्मा गोल्ला म्हणजे गुराखी-मेंढपाळांची. भाषा बदलली, नावं बदलली, तरी वाणीण आणि धनगरीण कायम राहिल्या.

तेव्हा बाणाई धाकटी म्हणून तिला खाली ठेवलं, एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. गडावर जाणाऱ्याला देवाआधी तिचं देऊळ लागतं, आणि धनगरांना त्यात काही कमीपणा वाटत नाही.

राहिला तुमचा टाक. घराण्यागणिक टाकांची घडण वेगळी असते. तुमच्याकडे म्हाळसा एकटी आहे यात चूक काही नाही. दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर पौषात सवड काढा. त्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि चंदनपुरीला, बाणाईच्या माहेरी, यात्रा भरते.