भीती, प्रीती आणि साक्ष

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी वर्गावर गेलो, तेव्हा नेहमी एका बाकावर बसणारे दोन विद्यार्थी वर्गाच्या दोन टोकांना बसलेले दिसले. चौकशी करता कळले ते असे : त्यांपैकी ख्रिस्ती मुलाने आपल्या हिंदू मित्राला डबा खाता खाता सांगितले होते की, तू विश्वास धरला नाहीस तर मेल्यावर अग्नीत जळशील. सांगणाऱ्याच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. आपण मित्राच्या हिताचेच बोललो अशी त्याची खात्री होती. ऐकणारा मात्र त्या रात्री नीट झोपला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. "सर, आम्ही मुलाला तुमच्याकडे विश्वासाने पाठवतो," एवढेच बोलून ती माऊली गप्प राहिली. त्या वाक्याला उत्तर देणे मला तेव्हा साधले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच प्रयत्न होय.

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानात शोमरोन प्रांतातील दोन प्रसंग आले आहेत. ते सहसा एकत्र वाचले जात नाहीत, परंतु तसे वाचले असता पुष्कळ उमगते. पहिला लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. प्रभू येशू यरुशलेमेच्या वाटेवर असता एका शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही. याकोब व योहान हे शिष्य संतापले, आणि आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावे अशी आज्ञा आम्ही करावी काय, असे त्यांनी गुरूस विचारले. येशूने गावाला शाप दिला नाही. त्याने धमकावले ते त्या दोघा शिष्यांनाच. मग सारी मंडळी निमूटपणे दुसऱ्या गावी गेली. अग्नीची भाषा बोलणारे हे कोणी परके नव्हते, अगदी निकटचे अनुयायी होते, हे विसरता कामा नये. आमच्या वर्गातील मुलगा एकटा नाही, असे हा प्रसंग वाचताना मला वाटले.

दुसरा प्रसंग योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील. भर दुपारची वेळ, सुखार गावाजवळची याकोबाची विहीर, आणि चालून थकलेला येशू तिच्या काठी बसलेला. एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत; त्यातून या स्त्रीचे आयुष्य असे की, लोकांनी तिच्याकडे बोट दाखवावे. तिच्याशी बोलताना येशूने आरंभ कशाने केला? तिच्या दोषांचा पाढा वाचून नव्हे, पुढे काय भोगावे लागेल ते सांगूनही नव्हे. त्याने तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितले. कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, यावरून जेथे शतकानुशतके माणसे दूर लोटली गेली, त्या आपल्या देशातील वाचकास या मागण्याचा अर्थ टीकाकाराच्या मदतीवाचून कळेल. देणारा होण्यापूर्वी येशू घेणारा झाला. तिच्या पाच पतींविषयीचे सत्यही त्याने सांगितले, परंतु ते नंतर, संभाषण जमल्यावर. आणि ते ऐकून ती लपून बसली नाही. घागर तेथेच टाकून ती गावात गेली व लोकांना बोलावू लागली. भ्यालेले माणूस असे करीत नाही.

हाच अध्याय एका मराठी स्त्रीच्या जीवनास वळण देणारा ठरला. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. विवाहानंतर अवघ्या दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील मठात भगिनींच्या आश्रयास राहिल्या.

ख्रिस्ती धर्माची मते त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. वादात तर त्या कोणालाही हार जाणाऱ्या नव्हत्या. परंतु त्यांचे मन हलले ते वादाने नव्हे. लंडनमधील शाखेत त्या काही दिवस गेल्या असता, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना जवळ करण्याचे काम भगिनी करीत होत्या, ते त्यांनी पाहिले. त्या आश्रमात पूर्वी राहिलेल्या काही स्त्रिया आता स्वतःच आजाऱ्यांच्या सेवेत रमल्या होत्या. रमाबाईंनी आपल्या शिक्षिका भगिनीला विचारले, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तरादाखल त्या भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. आधी कृती दिसली, मग प्रश्न आला, आणि प्रश्न आल्यावर मग शास्त्र उघडले गेले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण बहुधा त्याच्या उलट चालतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

परंतु त्याच वर्षातील दुसरी हकीकत लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण वाँटेजला आली होती. येथे आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील, या भीतीने तिचे मन इतके ग्रासले की, तिने स्वतःचा अंत करून घेतला, असे मॅक्स म्युलर यांनी लिहून ठेवले आहे. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली होती असे नाही. परंतु एकाच घरात, त्याच भगिनींच्या सहवासात, एकीला प्रीती दिसली आणि दुसरीला भय. आपला हेतू शुद्ध आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येकाने या दुर्दैवी बाईची आठवण ठेवावी.

रमाबाई स्वतःही मऊ मेण नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो पाहिला म्हणजे कळते की, बाप्तिस्म्यानंतरही त्या प्रत्येक मत तपासून घेत होत्या. पुरोहितांचे एक जू उतरवून दुसरे मानेवर घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. क्रूसावर लॅटिन शब्द का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. भगिनींना हे जड गेले. माया करणे सोपे असते; जिच्यावर माया केली तिने आपल्याहून निराळा विचार केल्यास ती टिकविणे अवघड.

पुढे हीच कसोटी रमाबाईंवर आली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवा मुलींना तेथे आपल्या आचाराप्रमाणे राहण्याची मोकळीक होती, आणि धर्मशिक्षण दिले जात नसे. रमाबाई मात्र आपल्या मुलीसह प्रार्थना करीत, व खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात चूक कोणाची? दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा गुन्हा नव्हे, असे मला वाटते. तरीही पालकांची चिंता पोकळ होती असे म्हणवत नाही. जिला दुसरा आसरा नाही अशा मुलीला, जी बाई अन्न देते तिचे मन मोडवत नाही. तिथे प्रीतीचेही दडपण होते. मोठ्या माणसाने, आणि म्हणून शिक्षकानेही, ते ओळखून असावे.

सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. रमाबाईंच्या मायेखाली ती वाढली, परंतु ख्रिस्ती झाली नाही. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि पुण्यात त्याविरुद्ध गहजब झाला, तरी रमाबाईंचा त्या विवाहाला मनापासून पाठिंबा होता. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झालेल्या याच बाईंनी 'माझे पुराण' या आत्मवृत्तात रमाबाईंविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे.

त्या ख्रिस्ती विद्यार्थ्याने मला नंतर विचारले, "मग येशूने न्यायाविषयी काहीच सांगितले नाही का?" सांगितले आहे, आणि ते पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढून पाहा. त्याचे अत्यंत कठोर शब्द कोणाला उद्देशून आहेत? शास्त्री व परूशी यांना. म्हणजे धर्माच्या आसनावर बसून दुसऱ्यांवर ओझी लादणाऱ्यांना. विहिरीवर आलेल्या बाईला त्याने असा एकही शब्द ऐकविला नाही. मुलगा बराच वेळ पुस्तक उघडे ठेवून बसला होता.

लेख छापण्यास देण्यापूर्वी मी तो त्या माऊलीस वाचून दाखविला. आनंदीबाई भगतांचा भाग ऐकताना तिचे डोळे भरून आले. शेवटी तिने एकच विचारले, "गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, म्हणून रमाबाईंची माया कमी नाही ना झाली?" नाही झाली, असे मी सांगितले. दोघे मुलगे अद्याप वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मधल्या सुट्टीत मात्र गेले काही दिवस ते पुन्हा व्हरांड्यात एकत्र दिसतात.