खांद्यातील दबलेला मज्जातंतू आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

बालरोगतज्ज्ञाने खांद्याच्या शस्त्रक्रियेविषयी लिहावे, हे काही सहकाऱ्यांस अप्रस्तुत वाटेल. परंतु जन्मापासून आपल्याकडे येणारी मुले सोळाव्या-सतराव्या वर्षीही प्रथम आपल्याकडेच येतात; म्हणून हे टिपण.

सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू मानेतील पाचव्या व सहाव्या मुळांपासून निघतो. फऱ्याच्या वरच्या कडेवरील खाचेतून, लिगामेंटच्या खालून जाऊन तो सुप्रास्पायनेटस स्नायूस शाखा देतो आणि पुढे फऱ्याच्या कंगोऱ्यास वळसा घालून इन्फ्रास्पायनेटसमध्ये शिरतो. या दोन अरुंद जागी तो दबू शकतो. पहिल्या जागी दबल्यास दोन्ही स्नायू दुबळे होतात व खांद्यामागे खोलवर ठणका लागतो. दुसऱ्या जागी दबल्यास केवळ इन्फ्रास्पायनेटस रोडावतो. वेदना पुष्कळदा नसतेच. व्हॉलीबॉलपटूंमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. कधी सांध्याच्या फाटलेल्या लॅब्रमलगत सिस्ट तयार होऊन तिचाच दाब पडतो.

शालेय संघातील एक व्हॉलीबॉलपटू माझ्याकडे खोकल्यासाठी आला होता. पाठ तपासताना उजव्या फऱ्यावर, कंगोऱ्याच्या खाली, खळगा दिसला. हात वर पूर्ण जात होता. मात्र कोपर अंगालगत ठेवून हात बाहेर वळवताना माझ्या विरोधापुढे टिकत नव्हता. ईएमजी व एमआरआयने निदान निश्चित झाले: सिस्टचा दाब.

सिस्ट नसल्यास प्रथम खेळास विश्रांती व फिजिओथेरपी हाच मार्ग. सिस्ट असल्यास अथवा काही महिन्यांत सुधारणा न झाल्यास दाब काढणे इष्ट. पूर्वी यासाठी ट्रॅपेझियस स्नायू बाजूस सारून मोठा छेद घ्यावा लागे. आता लहान छिद्रांतून दुर्बीण घालून सिस्ट रिकामी करता येते व त्याच वेळी लॅब्रमही शिवता येतो. वरच्या खाचेतील लिगामेंट दुर्बिणीतून कापण्याचे तंत्र फ्रान्समधील डॉ. लाफॉस व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. मज्जातंतूची धमनी बहुधा लिगामेंटच्या वरून जाते, हे शल्यविशारदास सतत ध्यानी ठेवावे लागते.

दाब निघाल्यावर वेदना बहुधा शमते. परंतु दीर्घकाळ रोडावलेला स्नायू पूर्ववत भरेलच, असे नाही. शस्त्रक्रिया कितीही सुबक झाली, तरी गेलेला काळ ती परत आणीत नाही. म्हणून खेळाडू मुलगा कोणत्याही तक्रारीसाठी येवो, त्याच्या दोन्ही फऱ्यांची तुलना अवश्य करावी. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.