वाळूवरील गुलाब

तोंडवलीच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्रातील एखादी होडी सोबत्यास दाखवावयाची झाली, तर आपण काय करतो? हात लांब करून दिशा दाखवितो आणि होडी अमुक इतकी दूर आहे असे सांगतो. एक दिशा व एक अंतर, एवढ्या दोन गोष्टींनी होडीचे स्थान निश्चित होते. गणितशास्त्रात ज्यांस ध्रुवीय सहनिर्देशक म्हणतात ते हेच. आपण उभे असतो त्या बिंदूस ध्रुव म्हणावे, ज्या रेषेपासून कोन मोजावयाचे तीस मूळ रेषा म्हणावे, आणि प्रत्येक बिंदू अंतर व कोन यांच्या जोडीने लिहावा. भुज व कोटी मोजून चौकटीच्या कागदावर बिंदू मांडण्याची जी रीत तुम्ही शिकलात तिच्याहून ही निराळी. तथापि एखाद्या बिंदूभोवती फिरणाऱ्या वक्रांस हीच अधिक सोयीची.

अशा वक्रांपैकी एक अत्यंत मनोहर वक्र म्हणजे गुलाबवक्र होय. इटलीतील पीसा येथे अध्यापन करणारे गीदो ग्रांदी (१६७१–१७४२) या मठवासी गणितज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि ग्रीक भाषेतील गुलाबवाचक शब्दावरून त्यास ‘रोडोनिया’ हे नाव दिले. १७२३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस या विषयावर निबंध सादर केला, व १७२८ साली भूमितीतील फुलांवर त्यांचा ग्रंथ फ्लॉरेन्स येथे छापला गेला. या वक्राचे समीकरण असे:

त्र = ल × कोज्या (न × क)

येथे त्र म्हणजे ध्रुवापासूनचे अंतर, क म्हणजे कोन, ल म्हणजे पाकळीची लांबी आणि न ही कोणतीही धन पूर्ण संख्या. कोटिज्या हा शब्द आपल्याकडील ज्योतिषशास्त्रातला आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचिलेल्या सिद्धांतशिरोमणीत ज्या काढण्याच्या रीतींस ‘ज्योत्पत्ति’ असे स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे.

वर्गात आम्ही प्रथम न = ३ घेतले. कोष्टक करिताना काही कोनांस अंतर ऋण येऊ लागले. ‘लांबी ऋण कशी असेल? त्या दिशा सोडून द्या,’ असे आम्ही सांगितले. विद्यार्थ्यांनी त्या सोडल्या, तीन पाकळ्यांचे सुबक फूल कागदावर उमटले, पुस्तकातील आकृतीशी ते तंतोतंत जुळले, आणि आम्ही सर्वांस पूर्ण गुण दिले.

पुढे एके दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही वर्ग घेऊन तोंडवलीच्या वाळूवर गेलो. न = २ घेऊन मोठे फूल काढावयाचे होते. ओल्या वाळूत मेख ठोकली, तीस चार मीटर सुंभ बांधला आणि वर्तुळ फिरविले. तेवढ्याच लांबीचा सुंभ परिघावर जीवेप्रमाणे टाकीत गेल्यास परिघाचे बरोबर सहा भाग होतात. प्रत्येक भाग दोनदा दुभागला की पंधरा-पंधरा अंशांच्या चोवीस दिशा मिळतात. समुद्राकडे पाठ करून पूर्वेची दिशा शून्य मानिली आणि डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, कोन मोजीत गेलो. शून्य अंशास अंतर ४ मीटर; १५ अंशांस ३ मीटर ४६ सेंटिमीटर; ३० अंशांस २ मीटर; ४५ अंशांस शून्य. प्रत्येक ठिकाणी एकेक शिंपला ठेविला. पुढे ६० अंशांस उणे २ आणि ९० अंशांस उणे ४.

वर्गाच्या दोन तुकड्या होत्या. एकीने आमच्या सांगण्याप्रमाणे ऋण किंमती टाकिल्या. तिचे फूल दोनच पाकळ्यांचे झाले, एक पूर्वेस व एक पश्चिमेस. दुसऱ्या तुकडीतील एक विद्यार्थिनी मात्र ९० अंशांस उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली आणि उलट्या पावली चार मीटर दक्षिणेस गेली. तिच्या तुकडीचे फूल चार पाकळ्यांचे झाले. कोणाचे खरे, असे सर्वांनी आम्हांस विचारिले. तिचेच खरे होते. ऋण अंतर म्हणजे दाखविलेल्या दिशेच्या नेमके विरुद्ध तेवढेच अंतर. ते टाकावयाचे नसून मांडावयाचे असते. आमची सूचना चुकीची होती, हे आम्ही तेथेच सांगितले.

मग वर्गात ती चूक उघडकीस का आली नाही? कारण ऐका. कोन १८० अंशांनी वाढविला म्हणजे दिशा नेमकी उलटते. न विषम असल्यास कोटिज्येचे चिन्हही उलटते. दोन्ही उलटल्यामुळे आपण पूर्वीच्याच बिंदूवर येतो. यास्तव न = ३ असता ऋण किंमतींनी जी पाकळी निघते तीच धन किंमतींनीही निघते, आणि ऋण किंमती टाकिल्या तरी फुलात उणीव दिसत नाही. न सम असल्यास चिन्ह पालटत नाही, दिशा मात्र पालटते. म्हणून समोर नवी पाकळी उमटते. सारांश, न विषम असता पाकळ्या न, व सम असता दोन न.

क्षेत्रफळानेही हाच भेद प्रत्ययास येतो. ल त्रिज्येच्या वर्तुळाच्या नेमका चतुर्थांश भाग विषम न असलेले फूल व्यापिते, आणि नेमका अर्धा भाग सम न असलेले. आमचे वर्तुळ सुमारे ५०.२७ चौरस मीटर होते. चार पाकळ्यांचे फूल २५.१३ चौरस मीटर भरते. दोन पाकळ्या काढणाऱ्या तुकडीने त्यातील अर्धेच वाळूवर उतरविले होते.

वर्गात परतल्यावर न = ३ च्या त्या वह्या आम्ही पुन्हा मागविल्या. गुण कमी केले नाहीत, कारण चूक आमची होती. परंतु प्रत्येकाने सोडलेल्या ऋण ओळी भरून कोष्टक पुरे केले. उत्तर पुस्तकाशी जुळले एवढ्याने रीत शुद्ध ठरत नाही, हे आम्हांस त्या दिवशी नव्याने शिकावे लागले. भरतीने दोन्ही फुले संध्याकाळपर्यंत पुसून टाकिली होती.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. न ही पूर्ण संख्या घेऊन पाच पाकळ्यांची सदाफुली काढता येते, आठ पाकळ्यांचे फूलही काढता येते. मग नेमक्या सहा पाकळ्यांचे फूल का निघत नाही? कोष्टक मांडून पाहा, आणि एकही ओळ सोडू नका.