तेल खाणाऱ्या मोटारीस कोणते तेल घालावे?

इंजिन तेल खाऊ लागले म्हणजे महालातील दुकानातून अधिक जाड तेल आणण्यापूर्वी तेल कोठे जाते ते पाहावे. जमिनीवर डाग पडल्यास गळती बंद करावी. धूर निळा असल्यास तेल जळते असे समजावे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मान्य असेल तरच २०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० घालावे. यातील दुसरा आकडा तापलेल्या तेलाची जाडी दर्शवितो. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात असे तेल चालते. परंतु फार जाड तेल हिवाळ्यात पहाटे बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. झिजलेल्या रिंगा जाड तेलाने दुरुस्त होत नाहीत. दर आठवड्यास सपाट जागी, इंजिन बंद करून काही वेळाने, तेलाची पातळी पट्टीवर पाहावी. ती खालच्या खुणेखाली जाऊ दिल्यास इंजिन जाम होण्याचा धोका असतो.