अक्षरांचे खाते

कीर्दीतली प्रत्येक नोंद खतावणीत योग्य त्या खात्यावर न्यावी लागते, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रारंभीच शिकवितात. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींची अशीच खतावणी मेंदूत चालते.

डोळ्यांकडून निघालेला संदेश मेंदूच्या मागील भागात पोहोचतो. तेथील अनेक पेशी रेघ कोणत्या दिशेने कलली आहे, हे पाहतात. मांजरांवरील प्रयोगांतून हे शोधून काढणाऱ्या ह्यूबेल व वीझेल यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रेघांतून वस्तू ओळखण्याचे काम पुढे, मेंदूच्या खालच्या अंगास होते. तेथे, मुख्यतः उजव्या बाजूस, चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा भाग असल्याचे नॅन्सी कॅनविशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. हा परिसर दुखावला तर माणसाला नाक, डोळे, कपाळावरचे कुंकू सारे दिसते; पण हा चेहरा आपल्या आईचा, हे कळत नाही. ती बोलली की मात्र ओळख पटते!

ही खाती अगदी काटेकोर वेगळी नसतात. जेम्स हॅक्सबी यांनी २००१ मध्ये दाखविले, की चेहऱ्यांचा ठळक भाग वगळून उरलेल्या भागाचा प्रतिसाद तपासला, तरी माणूस चेहरा पाहतो आहे की घर, हे सांगता येते.

परंतु अक्षरांचे काय? लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत जन्मजात जागा असणे संभवत नाही. तरीही वाचणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूस शब्दांचे खाते सापडते. ते शिकण्याने उघडते. आमच्या अंकाचा कन्नड विभाग चाळताना माझ्या एका मित्राला नुसती वेलबुट्टी दिसते. मला मात्र शब्द न वाचता नुसती नक्षी पाहू म्हटले तरी जमत नाही.

हे खाते प्रौढपणीही उघडते काय? स्तानिस्लास देहाने यांच्या गटाने पोर्तुगाल व ब्राझीलमधील साक्षर-निरक्षरांची तपासणी केली. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही हा प्रतिसाद वाढतो. "आता या वयात काय शिकायचे?" म्हणणाऱ्या आजीला हे जरूर सांगावे. मात्र त्याच अभ्यासात, अक्षरांमुळे डाव्या बाजूस चेहऱ्यांची जागा थोडी आक्रसते, असेही दिसले होते. लखनौजवळच्या खेड्यांतील लोकांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील लिपी आपलीच, देवनागरी. त्यात अक्षरओळखीने चेहऱ्यांचा प्रतिसाद घटल्याचे आढळले नाही.